सासूबाईंच्या आवाजाचं स्थलांतर

पेनड्राइव्ह घ्यावा की हार्डडिस्क, या प्रश्नावर मी जेवढा विचार केला तेवढा लग्न ठरवतानाही केला नव्हता, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. ते खरंच आहे. लग्नाच्या वेळी विचार करण्याचं काम वडिलांकडे होतं आणि मला फक्त हो म्हणायचं होतं. इथे सगळीच जबाबदारी माझ्या अंगावर येऊन पडली.

प्रकरण तसं एवढंसंच होतं. घरातला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबून आंघोळीला जावं, तर बाहेर येईपर्यंत तो डोळेच चोळत असायचा. शेवटी मुलीने तिच्या गावाहून फोनवर फर्मान काढलं की, बाबा, आता नवा लॅपटॉप घ्या आणि जुन्यातलं जे हवं असेल ते आधी कशावर तरी उतरवून ठेवा. जुन्यात हवं असं फारसं नव्हतं. माझे बदलीसाठी केलेले आणि फेटाळले गेलेले अर्ज होते, कुणाच्या तरी लग्नातले धूसर फोटो होते आणि हिच्या आईचा आवाज होता.

हे जरा नीट सांगायला हवं. सासूबाई होत्या तोवर ही रोज दुपारी त्यांच्याशी फोनवर बोलायची, आणि मुलीने फोनमध्ये काहीतरी करून ठेवल्यामुळे ती बोलणी आपोआप साठत गेली. त्यात महत्त्वाचं असं काही नव्हतं. भाजी कुठली केलीस, गुडघा काय म्हणतोय, समोरच्या बाईने पुन्हा बादली नेली आणि परत आणून दिली नाही, असला मजकूर. सासूबाई गेल्या. पुढे तो फोनही गेला, पण त्याआधी मुलीने सगळं कॉम्प्युटरवर उतरवून दिलं आणि हिला शोधाशोध करायला लागू नये म्हणून पडद्यावर समोरच 'आई' असं लिहिलेलं एक चित्र ठेवून दिलं. दुपारची झाकपाक झाली की ही कधीकधी ते चित्र दाबून ऐकत बसायची. मधेच 'हो ना', 'मग काय तर' असंही म्हणायची. सुटीच्या दिवशी मी पेपरच्या आडून हे ऐकत असे आणि ऐकत नसल्याचं दाखवत असे.

"बाकीचं राहिलं तरी चालेल," ही म्हणाली. "आईचं तेवढं नीट न्या."

"त्यात काय आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजितींची सुरुवात याच तीन शब्दांनी झालेली आहे.

आता, मी नकाशे छापणाऱ्या कार्यालयात काम करतो. नकाशा छापायला जाण्याआधी त्यावरच्या गावांची नावं जिथल्या तिथे आहेत ना आणि शुद्ध आहेत ना, हे मी तपासतो. त्यातल्या एकाही गावाला मी गेलेलो नाही, पण त्याच्या वेलांटीबद्दल मला कुणी चॅलेंज देऊ शकत नाही. अशा कामात आयुष्य गेलेल्या माणसाला घाई करून चालत नाही. म्हणून मी आधी माहिती गोळा करायला बसलो, आणि माहितीचं असं आहे की ती मागितली की मागितल्यापेक्षा जास्त मिळते.

पहिली आली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या पंपवाल्यांकडून. यांची सगळी नोकरी पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयाचं ते आधी पाणी करतात आणि मग त्यावर बोलतात. जिन्यात उभं राहून त्यांनी मला सांगितलं की डेटा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून पाणीच आहे. पेनड्राइव्ह हा तांब्या. न्यायला सोपा, सांडायलाही सोपा. हार्डडिस्क ही टाकी. मेमरी कार्ड म्हणजे तर चमचा. नखाएवढी ती चीज, केरात गेली तर केरसुणीलाही पत्ता लागायचा नाही. मी म्हटलं, मग टाकीच घेतो. ते म्हणाले, घ्या, पण टाकी हातातून पडली तर फुटते हे लक्षात ठेवा. म्हणजे मी जिथे होतो तिथेच राहिलो.

कार्यालयात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं की त्यांच्या दिरांचा पेनड्राइव्ह पँटच्या खिशात धुतला गेला आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा छान चालू लागला. साहेबांच्या मते या सगळ्या वस्तू फसव्या असून खरी भरवशाची फक्त सीडी. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, म्हणाला की भावोजी, कुठल्या जमान्यात आहात, वस्तू कशाला घेता, सगळं क्लाउडवर टाकून द्या. यावर मी जेवणाच्या टेबलावर एक विनोद केला. सासूबाई स्वतः वर गेल्याच आहेत, आता आवाज तरी खाली राहू दे, असा तो विनोद होता. मेहुणा ताटाकडे बघत राहिला. ही उठून पाणी आणायला गेली, आणि पाण्याचा जग तर टेबलावरच होता. त्या विनोदाची मला अजूनही लाज वाटते, पण पुढे जे झालं त्यापुढे तो विनोद म्हणजे काहीच नाही.

दुकानात मी तीनदा जाऊन आलो. दुकानदार पहिल्यांदा 'या या' म्हणाला, दुसऱ्यांदा 'या' म्हणाला आणि तिसऱ्यांदा त्याने नुसतं बघितलं. काचेवर त्याने वस्तू मांडल्या होत्या. एका डबीत चकती फिरते, दुसरीत काहीच फिरत नाही आणि म्हणून ती जास्त महाग. काहीच न हलणाऱ्या गोष्टीसाठी जास्त पैसे का मोजायचे हे मला कळेना, पण मग माझ्याच कार्यालयाची आठवण झाली आणि पटलं. तेवढ्यात मागच्या गिऱ्हाइकाने घसा खाकरला. त्याला फक्त चार्जरची वायर हवी होती. त्या दबावाखाली मी त्या दुकानातली सर्वांत मोठी, सर्वांत महाग, काहीच न फिरणारी डबी घेतली. हिने विचारलं, एवढी मोठी कशाला, आईचं बोलणं ते केवढं. मी म्हटलं, तुला आईचं बोलणं माहीत असेल, मला सासूचं माहीत आहे. यावर मात्र ती हसली, म्हणून त्या दिवशी माझा उत्साह चांगलाच वाढला.

रविवारी सकाळी स्थलांतराचा मुहूर्त केला. मी कॉम्प्युटरसमोर, ही मागे खुर्ची घेऊन, आणि पंपवाले देखरेखीला. मी 'आई' या चित्रावर बोट ठेवलं, म्हणजे ते माऊसचं बोट, आणि चित्र अलगद उचलून डबीत नेऊन सोडलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं. पंपवाले म्हणाले, "प्रेशर जबरदस्त आहे." मी म्हटलं, पैसे मोजलेत. हिला मात्र खात्री हवी होती. मग मी डबीतल्या चित्रावर टकटक केलं आणि काय सांगू, सासूबाई बोलायला लागल्या. समोरच्या बाईने बादली नेली होती. हिने डोळे मिटून एक पूर्ण बोलणं ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून मला जाणवतो, आणि जाणवला की कुठे तरी तोंड लपवावंसं वाटतं.

तिथेच थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण पंपवाले म्हणाले की मूळ पाणी आणि साठवलेलं पाणी एका छपराखाली ठेवू नये. उद्या आग लागली, चोरी झाली तर दोन्ही एकदम गेली. म्हणून सोमवारी मी डबी कार्यालयातल्या खणात ठेवायला घेऊन गेलो आणि दारावरच्या पहारेकऱ्याने ती जप्त केली.

नकाशांचं कार्यालय असल्यामुळे आमच्याकडे असल्या वस्तूंना बंदी आहे, हे मला माहीत होतं. किंबहुना त्या बंदीच्या पाटीवरचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं. पण आपण स्वतः बंदीत येतो हे माणसाच्या लक्षात येत नाही. मला सुरक्षा अधिकाऱ्यांपुढे उभं करण्यात आलं. जाणारे येणारे सहकारी काचेतून बघत होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, सासूबाई. त्यांनी ते गमतीत घेतलं नाही. मग अर्ज, अर्जावर साहेबांची शिफारस, शिफारशीवर शिक्का, आणि शिक्का ज्यांच्याकडे असतो ते रजेवर. डबी अधिकाऱ्यांच्या कपाटात काही दिवस राहिली आणि ही रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "सोडलं का आईला?"

शेवटी एकदाचे शिक्केवाले आले. अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर डबी त्यांच्या कॉम्प्युटरला लावून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, यात तर काहीच नाही."

मी म्हटलं, "तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय."

"नाही, म्हणजे खरंच काही नाही. रिकामीच आहे म्हणा ना."

डबी एवढी मोठी घेतली आहे की त्यात कितीही टाकलं तरी रिकामीच दिसणार, हे मी त्यांना समजावून सांगितलं. समुद्रात बादली ओतली तर समुद्र भरलेला दिसतो का, असं मी वर विचारलं. त्यांनी डबी माझ्या हातात दिली. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या चालीने मी बाहेर पडलो आणि जाताना काचेपलीकडच्या सहकाऱ्यांकडे मुद्दाम बघितलं.

घरी नवा लॅपटॉप येऊन पडला होता आणि जुना कॉम्प्युटर भंगारवाला नेणार होता. तेव्हा पंपवाल्यांनी शेवटचा सल्ला दिला. जुना कॉम्प्युटर असाच देऊ नका, आतून माहिती काढणारे लोक असतात, उद्या तुमचं खासगी जगजाहीर होईल. माझे फेटाळलेले अर्ज जगजाहीर होण्याची कल्पना मला सहन झाली नाही. यावर उपाय एकच, ते म्हणाले. आतली तबकडी काढायची आणि तिला आरपार भोक पाडायचं. ड्रिल मशीन त्यांच्याकडे होतंच. ते कुणासाठी तरी वापरायला मिळावं म्हणून ते बरेच दिवस वाट बघत होते, असा माझा अंदाज आहे.

गच्चीवर फळी मांडली. भोक मी पाडलं. पंपवाले पाडायला निघाले होते, पण मी मशीन त्यांच्या हातातून घेतलं, कारण ही बघत होती. एवढंच नव्हे, तबकडी हलू नये म्हणून हिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. धूळ डोळ्यात जाऊ नये म्हणून तिने मान वळवली होती. एक भोक पुरेसं होतं, पण मशीन हातात असलं की एकावर थांबवत नाही. मी ठिकठिकाणी पाडली. तबकडी मी उजेडाकडे धरून पंपवाल्यांना दाखवली आणि त्यांनी पसंतीची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिने नव्या लॅपटॉपला डबी लावली आणि स्वयंपाकघराच्या दारातून मला म्हणाली, "अहो, हे उघडत नाहीये."

मी आधी तिला टकटक कशी करतात ते शिकवलं. दोन टकटकींमध्ये फार अंतर पडता कामा नये, असं म्हटलं. मग मी स्वतः करून दाखवलं. मग डबी काढून फुंकर मारून पुन्हा लावली. मग दुकानदाराला, लॅपटॉपला आणि कार्यालयाच्या सुरक्षा विभागाला, त्यांनीच काहीतरी केलं असणार, या क्रमाने शिव्या दिल्या. 'आई' हे चित्र समोर दिसत होतं आणि दाबलं की पडद्यावर येत होतं की ही वस्तू जागेवर सापडत नाही. शेवटी पंपवाल्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पडद्याला नाक लावलं आणि चित्राच्या कोपऱ्यातला एक बारीक बाण मला दाखवला. तो मी पाहिलाच नव्हता असं नाही. मला वाटलं होतं नक्षी असेल.

"हा शॉर्टकट आहे," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता आणि पहिल्यांदाच त्यात पाणी नव्हतं. "म्हणजे खरी वस्तू कुठे आहे ते दाखवणारी नुसती खूण. मुलीने सोय म्हणून करून दिली असणार. तुम्ही नकाशावरचं नाव उचलून आणलंत. गाव तिथेच राहिलं."

जुन्या कॉम्प्युटरला लावून बघितलं तेव्हा चाललं होतं, मी म्हटलं. चालणारच, ते म्हणाले, तेव्हा गाव जागेवर होतं. आम्ही तिघांनीही गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं नाही.

मी ती तबकडी घेऊन दुरुस्तीच्या तीन दुकानांत फिरलो. एकाने ती हातात घेतली आणि एका भोकातून माझ्याकडे बघितलं. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, शेजाऱ्यांनी. इतका खाली मी आयुष्यात कधी उतरलो नव्हतो. त्याने मान हलवून तबकडी परत दिली.

ही रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. दुपारची झाकपाक झाली की ती तिच्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसायची आणि थोड्या वेळाने उठून धुतलेली भांडी पुन्हा पुसायला घ्यायची. मी रजा टाकून घरी होतो. पेपरच्या आडून मला काहीच ऐकू येत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता. धरून तर मीच ठेवली होती." ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. माणसाच्या हातून चूक होते, पण चुकीत ज्याचं नुकसान करायचं त्यालाच हातभार लावायला बसवायचं, हे फक्त मला सुचू शकतं.

मुलीकडे त्यातलं काहीच उरलं नव्हतं, म्हणून मग मी नातेवाइकांना फोन करत सुटलो. कुणाकडे सासूबाईंचा आवाज आहे का? कुणाकडे फोटो होते, कुणाकडे लोकरीचा स्वेटर होता. मेहुण्याने फोनवर 'बघतो' म्हटलं आणि मग चार दिवस तो फोन उचलेना. हे मला खटकलं. मी सरळ त्याच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. चहूबाजूंच्या आरशांत मीच दिसत होतो आणि कुठल्याच कोनातून बरा दिसत नव्हतो.

"आहे एक," तो म्हणाला. "आईने मला पाठवलेला निरोप आहे. जुन्या फोनमध्ये. पण भावोजी, ते तुम्ही ऐकू नका."

मी म्हटलं, लाव. त्याने गिऱ्हाईक नाही असं बघून दार लोटलं आणि लावला. सासूबाई म्हणत होत्या:

"अरे, तुझ्या ताईकडचा नळ पुन्हा गळायला लागलाय. जावईबापूंनी दुरुस्त केला ना, म्हणून. माणूस सोन्यासारखा आहे रे, पण हात लावेल तिथे काम वाढवून ठेवतो. मागे पंखा केला तर तो उलटाच फिरायला लागला. आणि ही वेडी काही बोलत नाही. ते ऑफिसला गेले की गुपचूप माणूस बोलावून सगळं नीट करून घेते. मी म्हटलं, सांग की एकदा तोंडावर. तर मला म्हणते, आई, त्यांना वाटू दे त्यांनी केलं, त्यात त्यांना किती बरं वाटतं. आता यावर काय बोलायचं. तू ये रविवारी आणि नळाचं बघ. त्यांच्यासमोर नको बघूस."

तो नळ मी दुरुस्त केला होता. कार्यालयात कुणाचाही नळ गळाला की मी त्या नळाचं उदाहरण देतो. पंख्याचंही देतो.

मेहुणा फडक्याने एकच काच पुसत राहिला. मग म्हणाला, "ताईला सांगू का, काही सापडलं नाही म्हणून? तुम्ही म्हणाल तसं."

खोटं कशाला बोलू, काही सापडलं नाही असं सांगावं हे मला पटलं होतं. माझा अपमान त्या फोनात कायमचा राहणार होता आणि सासूबाईंचा आवाज म्हणून आता तेवढाच उरणार होता. सासूबाईंच्या इतक्या वर्षांच्या बोलण्यातून नेमका एवढाच तुकडा वाचावा, याला काय म्हणावं. पण हिच्या आधीच्या सगळ्या दुपारी माझ्यापायी गेल्या होत्या. शिवाय नळ गळायचा थांबला होता तो कुणामुळे, हे आता मला कळलं होतं.

कॉपी करू नकोस, मी मेहुण्याला म्हटलं. पाठवूही नकोस. अख्खा फोनच दे. तो मी दोन्ही हातांत धरून पायी घरी आणला.

ही खुर्चीत बसली होती. मी फोन तिच्यापुढे ठेवला, निरोप लावला आणि बाजूला भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिल्या शब्दाला तिने पदर तोंडाशी नेला. सासूबाई नळाशी आल्या तेव्हा तिने चमकून माझ्याकडे बघितलं आणि फोन बंद करायला हात पुढे केला. मी मान हलवली. मग ती पुढचं ऐकत राहिली. पंख्याला तिला हसू फुटलं, आणि 'वेडी' म्हटल्यावर तिचे डोळे वाहायला लागले, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं.

"खरं आहे का हे?" मी विचारलं.

"नळाचं?"

"सगळंच."

"मिक्सरही," ती म्हणाली.

बाहेर जिन्यात पंपवाल्यांच्या चपला वाजत होत्या आणि आमचं दार उघडंच होतं. तिने डोळे पुसले आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"परत लावा ना."

"मी हात लावू?"

"लावा," ती म्हणाली.

मी लावला. पंपवाल्यांच्या चपला दाराशी येऊन थांबल्या. मी आवाज आणखी थोडा मोठा केला.